रेशोची सरासरी

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्ष, नवीन एक्सल. जीपचे, पुढचा आणि मागचा, दोन्ही. निर्णय झाला. बायकोला, विनिताला, सांगितलं. ती म्हणाली, "बरं." म्हणजे घरचा सपोर्ट आहे.

कारण असं की मोठे टायर घातल्यापासून जीप चढाला दमते. परवा कोपरच्या पुलावर एका स्कूल व्हॅनने मला ओव्हरटेक केलं. मागच्या काचेतून पोरांनी टाटा केलं.

शिवाय बाबा. चैत्री पौर्णिमेला त्यांना आपल्या देवीला जायचंय, मुरबाडच्या पुढे, डोंगरावर. आई गेल्यापासून गेलेले नाहीत. वरचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. बाबा म्हणाले, पायथ्यापासून भाड्याच्या जीपगाड्या जातात, मी आणि शालन जाऊन येऊ. (शालन, माझी बहीण. कळव्याला असते.) मी म्हटलं, घरात जीप असताना भाड्याची? शब्द दिला. बाबा चष्मा पुसत बसले. गहिवरले असणार.

१२ जानेवारी
ठाण्याला सॅव्हियोकडे गेलेलो. कॉलेजपासूनचा दोस्त. त्याने स्वतःच्या गाडीचे एक्सल स्वतः बदललेत, त्यामुळे जरा चढलाय. मला पहिलीपासून शिकवायला लागला. चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट जितक्या वेळा फिरतो तो रेशो. आकडा मोठा तेवढा जोर जास्त, स्पीड कमी. मला माहीत होतं. मान डोलावली.

मग म्हणाला, कुठलाही घे, पण पुढे-मागे सेम घे. शाळेतली तीन पायांची शर्यत आठव, एकाने मोठी उडी मारली आणि दुसऱ्याने छोटी, तर काय होतं? मी म्हटलं, पडतात. तो म्हणाला, बस, तेच. हा माणूस विनाकारण निगेटिव्ह आहे.

१९ जानेवारी
नेटवर तक्ता बघितला. माझ्या टायरला रेशो पाहिजे ४.५६.

उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे मागचा एक्सल ४.८८ चा. पुढचा ४.२७ चा. सॅव्हियोला फोन केला. म्हणाला, थांब, महिन्याभरात जोडी मिळेल. मी कॅल्क्युलेटर काढला. दोघांची सरासरी ४.५७५! तक्त्यापेक्षा शून्य पॉइंट शून्य एक पाचने सरस. त्याला सांगितलं. मग म्हणाला, प्रीतम, सरासरी काढायची नसते रे. जळतो.

दोन्ही घेतले.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर एक्सल आणले. सेक्रेटरी म्हणाला, पार्किंगमध्ये भंगार चालणार नाही. भंगार! चार माणसं लावून वर चढवले. पुढचा गॅलरीत, जिथे रसिका अभ्यास करायची. मुलगी बारावीत आहे, तिने आता लायब्ररीत बसायला शिकलंच पाहिजे. मागचा बाबांच्या खाटेखाली. मधला गिअरचा गोळा मोठा असल्यामुळे त्याचं तोंड वीतभर बाहेर येतं. बाबांनी विचारलं, मी उतरायचं कुठून? म्हटलं, भिंतीकडून सरकत या. वयात हालचाल चांगली.

९ फेब्रुवारी
संकल्प: रोज ऑफिसमधून आल्यावर एक तास एक्सल साफ करायचा.
बाबा म्हणतात ऑइलच्या वासाने झोप येत नाही. विनिता म्हणते एक्सल तरी हलव नाहीतर बाबांना तरी हलव. पुढच्या रविवारी नक्की.

१३ फेब्रुवारी, पहाटे
बाबा पडले. बाथरूमला उठताना एक्सलच्या तोंडाला अडकले. एक्सलला काही झालेलं नाही.

१५ फेब्रुवारी
खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हा गोळा, ही वाटी. मी म्हटलं, म्हणजे आपल्या स्टीअरिंगच्या बॉल जॉइंटसारखं, ग्रीस किती लागतं? त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि पुढचं सगळं विनिताला समजावलं. काही डॉक्टरांना माहितगार नातेवाईक नको असतात.

२३ फेब्रुवारी
शालन आली आणि बाबांना कळव्याला घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "तुला लाज आहे का रे?" मी म्हटलं, उलट बघ. आता बाबांना भाड्याच्या गाडीत कोंबून नेणं शक्यच नाही. आता माझ्या जीपला पर्याय नाही. ती बाबांची औषधं उचलून निघाली. पटलं असणार.

खोली रिकामी झाल्यामुळे पुढचा एक्सलही तिथेच आणला. रसिकाला गॅलरी परत दिली. घरच्यांचा विचार करावा लागतो.

९ मार्च
सॅव्हियो एक्सल बसवायला नाही म्हणाला. मिसमॅच आहे, मी हात लावणार नाही. मग म्हणाला, बसवायचंच असेल तर फोर-व्हील कधी टाकू नकोस, साधी टू-व्हीलवर, नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर चालव. मी विचारलं, मग पुढचा एक्सल कशाला? तो म्हणाला, तेच विचारतोय मी. काहीतरी कोड्यात बोलायचं.

विठ्ठलवाडीच्या गॅरेजमध्ये दिली. तिथे कोणी प्रश्न विचारत नाही.

२३ मार्च
जीप आली! शीळ रोडला टेस्ट घेतली, टू-व्हीलवर. काय खेचते! कोपरच्या पुलावर रिक्षा मागे टाकली. (रिक्षात माणसं होती. रिकामी नव्हती.) सॅव्हियोला व्हिडिओ पाठवला. त्याने विचारलं, फोर-व्हील टाकून बघितलीस? म्हटलं, गरज काय? ते डोंगरासाठी आहे.

६ एप्रिल
कळव्याला गेलेलो. बाबा आता वॉकर घेऊन दारापर्यंत येतात. म्हटलं, शनिवारी पहाटे तयार राहा. शालन म्हणाली ती पण येणार, बाबांना एकट्याला माझ्याबरोबर सोडणार नाही. बाबा म्हणाले, "शालन, जाऊ दे. त्याने शब्द दिलाय." ह्याला म्हणतात विश्वास.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्री पौर्णिमा
शांत डोक्याने लिहितो.

पायथ्यापर्यंत उत्तम. बाबा पुढे, उशीवर. म्हणालेसुद्धा, बरी चालते. पायथ्याला भाड्याच्या गाड्यांची रांग, त्यातला दगडू नावाचा एक ड्रायव्हर बाबांना ओळखणारा निघाला. पोस्टमास्तर ना तुम्ही, चला बसा. मी म्हटलं, धन्यवाद, आमची स्वतःची आहे.

चढ लागला. फोर-व्हीलचा दांडा ओढला. जीप पुढे जाईना, जागच्या जागी थरथरायला लागली, जसं दोघं तिला दोन बाजूंना ओढतायत. बाबांनी खुब्यावर हात ठेवला. शालन ओरडली, थांबव. मी म्हटलं, जोर घेतेय, आणि ॲक्सिलरेटर दाबला.

धाड.

मधला गिअरबॉक्स फुटला. ऑइल धोंड्यांवर. जीप आडवी, मागे यात्रेच्या सगळ्या गाड्यांची रांग आणि हॉर्न. दगडूची जीप पाठीमागेच होती. त्याने खाली वाकून बघितलं, बाबांना उचललं लहान मुलासारखं आणि आपल्या पुढच्या सीटवर बसवलं. तिथे बसलेली बाई आपण होऊन मागच्या फळीला लोंबकळली. शालन कशीबशी आत घुसली. मी म्हटलं, मी पण येतो. दगडू म्हणाला, जागा नाही. बाबांकडे बघितलं. ते समोर वर बघत होते, कळसाकडे.

माणसांनी माझी जीप ढकलून कडेला लावली. मी स्टीअरिंग धरलेलं. एका बाईने बॉनेटवर नारळ-फुलं मांडली. दुपारपर्यंत चांगला धंदा झाला. मला दोनदा विचारलं, ओटीचं ताट केवढ्याला. शेवटी मी सांगायला लागलो.

संध्याकाळी दगडूची जीप खाली आली. थांबली नाही. उतार होता, ब्रेक मारणं सेफ नव्हतं.

१४ एप्रिल
टो करून आणली. विनिताने दार उघडलं, परत आत गेली.
अभ्यास केला. चूक रेशोची नाही, बाबांच्या वजनाची. ते उजवीकडे झुकून बसलेले.

२० एप्रिल
बाबा कळव्यालाच राहणार म्हणतात. कपडे न्यायला शालन आलेली, त्यांचं सगळं एका पिशवीत मावलं. मी कामात होतो.

संध्याकाळी फोन केला. बाबा खूश होते. दर्शन छान झालं म्हणाले, दगडूने खुर्चीसकट गाभाऱ्यापर्यंत नेलं. विचारलं, देवीकडे काय मागितलंत? म्हणाले, सगळ्यांसाठी मागितलं. शालनच्या गुडघ्यांसाठी. विनितासाठी. रसिकाच्या निकालासाठी. दगडूसाठी, त्याच्या मुलीचं जमत नाहीये. दगडूच्या गाडीसाठीसुद्धा.

मी म्हटलं, आणि?

बाबांनी नीट विचार केला. म्हणाले, "आणि कोण?"

कळव्याला रेंज बरोबर नसते.