स्थिर म्हणजे स्थिर

३ तारीख, सकाळी ९
वहिनींच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम मीच लिहिणार. तर्कशास्त्रातील डॉक्टरेटपुढे हा विषय किरकोळ. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेला एकेक नग. साचा : रुग्ण. गुणधर्म : नाव, जात, वजन. पुस्तकाची उरलेली प्रकरणे अनावश्यक.

५ तारीख
कंपाउंडर खांद्यावरून डोकावतो. भरलेलं वजन नंतर बदलता येईल ना सर, असे विचारत होता. बदलण्याची एवढी घाई कोणाला असते?

दुपारी ४
बंदोबस्त केला. प्रत्येक गुणधर्मापुढे 'स्टॅटिक' लिहिले. म्हणजे स्थिर, अचल. शब्दांचे अर्थ मला कोणी शिकवू नयेत. आता हात लावण्याची कोणाची टाप नाही.

८ तारीख
घात झाला. सकाळी नोंदवलेली मांजर आणि कासव, दुपारी दोघेही 'टायगर, अल्सेशियन, ३४ किलो'. भाऊजी, कासवाला एवढं औषध द्यायचं का, असे वहिनींनी विचारले. मी कंपाउंडरकडे रोखून पाहिले. तो कासवाकडे पाहत राहिला. निर्ढावलेला.

९ तारीख
पासवर्ड बदलला. कंपाउंडर रजेवर. तरीही चार वाजता सगळे रुग्ण 'चिंगी, पोपट, १०० ग्रॅम', टायगरसुद्धा. म्हणजे घरबसल्या उद्योग चालू आहेत. रजा कशासाठी घेतली, हे उघड झाले.

१० तारीख
वहिनींना स्पष्ट सांगितले : तो तरी राहील, नाहीतर माझा प्रोग्राम. अकरा वर्षं कामावर असलेला माणूस असा कसा काढू, म्हणाल्या. शनिवारपर्यंत पुरावा मागितला. देईन.

शनिवार
पुरावा शोधायला पुतणीला प्रोग्रामपुढे बसवले. ती कॉलेजात हेच शिकते. दोन मिनिटांत ओढणी तोंडाशी धरून हसू लागली. काका, स्टॅटिक म्हणजे ते नगाचं राहत नाही, साच्याचं होतं. सगळ्या दवाखान्याला मिळून एकच नाव नि एकच वजन, शेवटी येईल त्याचं.
हा भाषेवर अन्याय आहे. मी तसे सुनावले. वहिनी हसल्या नाहीत. आधी त्याची माफी मागा, एवढेच म्हणाल्या.

सोमवार
माफी मागितली, लेखी, तीन परिच्छेद. असू द्या सर, म्हणत त्याने कागद न वाचताच खिशात घातला.
नोंदी सध्या वहीत. अक्षर चांगले म्हणून काम माझ्याकडे. वही हातात देताना कंपाउंडर म्हणाला, सर, एका ओळीत एकच जनावर.
यात खोच असावी, असा मला दाट संशय आहे.