सदुसष्ट किलोंचे चार चॅम्पियन

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

नवीन डायरी. जयगड पोर्टवर, जिथे मी ट्रकच्या वजनकाट्यावर असतो, टायरवाल्याने सगळ्यांना वाटली. प्रत्येक पानाखाली टायरचा फोटो आहे, पण कागद चांगला. यंदा रोज लिहायचं. गेल्या वर्षी १४ जानेवारीला थांबलो, पण तेव्हा पेन खराब होतं.

मोठं काम हातात घेतलंय. आमच्या बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं झाली. ९ फेब्रुवारीला कार्यक्रम. सेक्रेटरी नितेशने स्मरणिकेसाठी जुन्या चॅम्पियनांवर एक पान मागितलं. एक पान कोणीही लिहील. मी ठरवलंय की वेगवेगळ्या काळातले चॅम्पियन एकमेकांशी लढवायचे. कागदावर. जगात लोक यावर वर्षानुवर्षं भांडतात, की त्या काळातला अमुक आजच्या तमुकसमोर किती राउंड टिकला असता. रत्नागिरीत हे कोणी केलेलं नाही.

फक्त वेल्टरवेट घ्यायचे. म्हणजे सदुसष्ट किलोच्या आतले. खरं बॉक्सिंग याच वजनात होतं. त्याखाली नुसती पळापळ आणि त्यावर नुसती मिठी मारणं. पन्नास वर्षांत जिल्ह्याला वेल्टरवेट चॅम्पियन झाले चारच, बाकी वर्षी पुरेशी पोरं आली नाहीत:

१९७७ हरिश्चंद्र (पोस्टमन).
१९८३ बाबू (चिरेखाणीतला).
१९८८ मी.
२०१४ नितेश स्वतः.

मी स्वतः त्यात असल्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्न येईल. म्हणून स्वतःबद्दल 'दत्ताराम' असं लिहायचं. प्रश्न मिटला.

दुसरा संकल्प. कार्यक्रमात क्लबचा जुना वजनकाटा स्टेजवर आणून चारही चॅम्पियनांना त्यावर उभं करणार आहेत. माझं वजन ८४. पस्तीस दिवस, सतरा किलो. रोज अर्धा. गणित अगदी सोपं आहे.

६ जानेवारी

वजन ८४. काटा घरातला आहे, त्याला सवय नाही.

८ जानेवारी. संध्याकाळ

सेमीफायनलचा ड्रॉ काढला. चिठ्ठ्या बायकोच्या, म्हणजे राजश्रीच्या, चहाच्या कपात टाकल्या. पहिल्यांदा दत्ताराम विरुद्ध बाबू निघालं, पण कप नीट पुसलेला नव्हता आणि चिठ्ठी ओली झाली होती, त्यामुळे परत काढला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा दत्ताराम विरुद्ध हरिश्चंद्र. हा धरला.

प्रत्येक जण आपल्या ऐन उमेदीत आहे असं समजायचं. तीन राउंड. हरिश्चंद्र उंच, हात लांब, आयुष्यभर सायकल मारल्याने पाय पोलादी. पण पोस्टमनला दाराबाहेर थांबायची सवय, आत शिरायची नाही. दत्ताराम गुणांवर विजयी.

राजश्रीने विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं. म्हटलं, याला अभ्यास लागतो. ती भांडी घासायला गेली.

१२ जानेवारी, रविवार

ठरल्याप्रमाणे आरे-वारेला पळायला. स्कूटरवरून पोचेपर्यंतच दमलो. वाळू फार भुसभुशीत. पळालो साधारण नारळपाणीवाल्यापर्यंत. त्याने ओळखलं, बसायला खुर्ची दिली. नकार देणं बरं दिसलं नसतं. शेजारच्या बाईने कांदाभजी काढली होती.

वजन ८४.५. मांसपेशी वाढत असणार, त्या जड असतात.

१५ जानेवारी. बसमध्ये

दुसरी सेमीफायनल, बाबू विरुद्ध नितेश. खरं सांगायचं तर बाबू. खाणीत चिरे उचलून त्याचे हातच चिऱ्यासारखे झाले होते. पण मग फायनलला दत्तारामसमोर बाबू येतो. विचार केला. त्या काळी बाबूला आहार कुठे होता? नितेशकडे प्रोटीन, व्हिडिओ, सगळं. नितेश विजयी.

घरी जाताना मासळी बाजारात नेमका बाबू भेटला. वाकलाय आता. बांगडे घेत होता. मी त्याला सांगितलं की सेमीफायनलला चांगली लढत दिलीस, पण हरलास. त्याने शांतपणे विचारलं, कोणासंगती. नितेश म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाला, हरनारच, तो पोर जवान हाय. मग म्हणाला, तू तरी जिंक. दोन बांगडे माझ्या पिशवीत टाकले.

संध्याकाळभर वाईट वाटत राहिलं. निकाल बदलायचा विचार केला. पण निकाल बदलत बसलो तर खेळाला शिस्त राहणार नाही. बांगडे ताजे होते.

१७ जानेवारी. ड्युटीवर, जेवणाची सुट्टी

लिहून ठेवतो, कारण अशा गोष्टी कोणी लक्षात घेत नाही. एका ड्रायव्हरने वजनकाट्यावर हुज्जत घातली. रिकामा ट्रक तोलला तेव्हा वर ताडपत्री नव्हती, आता आहे, म्हणजे ताडपत्री आणि दोरखंडाचं वजन मालात धरलं जातंय असं त्याचं म्हणणं. सुपरवायझर म्हणाला सोडून दे. मी सोडलं नाही. ताडपत्री उतरवली, वेगळी तोलली, वजा केली. मोजायचा तो माल. अंगावरचं पांघरूण मालात धरणं हा अन्याय. एकोणीस वर्षं या काट्यावर आहे, एकाची हाय घेतली नाही. ड्रायव्हरने हात जोडले.

१९ जानेवारी, रविवार

फायनल लिहिली. दत्ताराम विरुद्ध नितेश. तिसऱ्या राउंडला डाव्या हाताचा हूक. नितेश खाली. अकरा पानं झाली. त्यातली सात फायनलची.

नितेशला फोटो काढून पाठवली. त्याचा फोन आला. वाटलं, हरल्यामुळे चिडला असेल. तो म्हणाला, काका, तुम्ही मला पाडा, माझं काही नाही, पण भागोजी कुठाय? म्हटलं, कोण भागोजी? म्हणाला, हर्ण्याचा. जुनी माणसं सगळी त्याचंच नाव घेतात, म्हणे त्याच्यासारखा हात जिल्ह्यात झाला नाही.

मी शांतपणे सांगितलं की भागोजी कधी चॅम्पियन नव्हता. इथे फक्त चॅम्पियन घेतलेत. तो १९८८ च्या फायनलला माझ्यासमोर होता आणि वजनात बसला नाही. मला वॉकओव्हर मिळाला. वॉकओव्हर हा नियमाप्रमाणे पूर्ण विजय असतो.

नितेश म्हणाला, हो का, मला माहीतच नव्हतं की फायनल झालीच नाही. हे त्याने दोनदा म्हटलं.

२० जानेवारी

वॉकओव्हर हा पूर्ण विजय असतो. नियमावलीत बघितलं. आहे.

२२ जानेवारी. संध्याकाळी ७

राजश्रीने विचारलं की भागोजीचं वजन किती जास्त भरलं होतं. शंभर ग्रॅम. ती म्हणाली, एवढंच? मी सांगितलं की त्याच्या कमरेला चांदीचा करगोटा होता, दीडशे ग्रॅमचा. तो काढला असता तर बसला असता. त्याने काढला नाही. आईने नवस बोलून बांधलेला, आणि बाप दर्यात असताना करगोटा काढायचा नाही असं त्यांच्या घरात होतं. बापाची होडी त्या दिवशी बाहेर होती. हर्ण्याहून एसटी उशिरा आली, काटा बंद व्हायला पाच मिनिटं होती, पळून घाम काढायलाही वेळ नव्हता.

राजश्री म्हणाली, मग करगोट्याचं वजन वजा करायचं ना.

मी म्हटलं, चहा गार झालाय.

२४ जानेवारी. बसमध्ये

केवळ अभ्यास म्हणून, छापायचं नाही असं ठरवून, भागोजीशी एक सामना मनात खेळून बघितला. पोर्टच्या गेटवर घंटा दिली. घरी पोचेपर्यंत तीन राउंड आरामात होतात. बस मालगुंडला आली तोवर मी रिंगमध्ये खाली पडलो.

पुढचा सगळा रस्ता खिडकीतून समुद्र बघितला.

२७ जानेवारी. बसमध्ये

भागोजीला ताप दिला. तरी मालगुंडलाच.

२९ जानेवारी. बसमध्ये

आज तो साठीचा आणि मी एकवीसचा. न्याय्य नाही, पण प्रयोग. तो हात वर करतच नव्हता, नुसता माझ्याकडे बघत उभा. मला ठोसा मारता येईना. गणपतीपुळ्याला टुरिस्टांच्या गाड्यांत बस अडकली तेव्हा मी सामना सोडून दिला.

वजन ८४.२. पळणं बंद आहे, गुडघा. कंटाळा आलाय. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने मनातल्या मनात तरी जिंकावं की नाही?

२ फेब्रुवारी, रविवार

आप्पांकडे गेलो होतो. आप्पा क्लबचे अध्यक्ष, त्र्याऐंशीचे, १९८८ ला वजनाच्या टेबलावर तेच होते. लेख वाचून दाखवला. सेमीफायनलपर्यंत ऐकला, मग डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, दत्त्या, भागोजीला मी स्वतः फोन करून बोलावलाय. येतो म्हणालाय.

मी म्हटलं, छान. आप्पा म्हणाले, मी त्या दिवशी वजा करून नाव लिहीतच होतो, आठवतंय ना.

आठवतंय. आप्पांनी पेन उघडलं होतं. म्हणत होते, चांदी काय ठोसा मारते काय, दीडशे ग्रॅम वजा करा. मी मागे उभा होतो, माझं वजन होऊन गेलं होतं. मी फक्त एक प्रश्न विचारला. वजा करायचं हे नियमात कुठे लिहिलंय? एवढाच. जरा मोठ्याने विचारला, कारण हॉलमध्ये गडबड होती. बाहेरगावचे पंच होते, त्यांनी ऐकलं. आप्पांनी पेन बंद केलं.

प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही.

आदल्या आठवड्यात भागोजीच्या सेमीफायनलला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्याने समोरच्याला पाडलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. भीती वाटली होती. हे इथे लिहायला हरकत नाही, डायरी माझीच आहे.

७ फेब्रुवारी

ठरलं. मोठ्या मनाने वागायचं. स्टेजवर भागोजीचा हात धरून वर करायचा आणि माइकवरून सांगायचं की हाही गुणी खेळाडू होता, याचं दुर्दैव. लोक टाळ्या वाजवतील. भाषण तयार आहे, दीड मिनिटाचं. भाषणात करगोटा नाही.

वजन ८४. जसा सुरुवातीला होतो तसाच, म्हणजे निदान वाढलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.४०

स्मरणिका हातात आली. अकरा पानांची एक चौकट झालीय. नितेश म्हणाला, जाहिराती आल्या, जागा उरली नाही. चौकटीत चार वर्षं, चार नावं, समोर त्या त्या वर्षीच्या फायनलचा निकाल. बाकीच्या तिघांपुढे 'गुणांवर विजयी'. माझ्यापुढे 'सामना झाला नाही'.

काट्यावर पहिलं मलाच बोलावलं. ८४.६. बूट काढले. पट्टा काढला. तरी ८४ च्या वर. तोंडातून निघून गेलं की खिशात मोबाईल आणि किल्ल्या आहेत, तेवढं वजा करा. लोक हसले. आप्पा हसले नाहीत. माइकवरून म्हणाले, वजा करा रे ह्याचं, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तिथे उभ्या उभ्या मला ती ताडपत्री आठवली. एकोणीस वर्षं सगळ्या जगाचं वजा करत आलो.

भाषण खिशातच राहिलं. भागोजी तोवर आलेला नव्हता. एसटी उशिरा. शेवटी आला, हातात आप्पांसाठी सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी. बारीक, काळा, केस सगळे पांढरे. आप्पांनी त्यालाही काट्यावर चढवलं. शर्ट वर झाला तेव्हा करगोटा दिसला, तोच. कोणीतरी काढायला सांगितलं. आप्पा म्हणाले, राहूदे. काटा ६६.७०० वर थांबला. करगोट्यासकट. हॉल उभा राहिला. मीही उभा राहिलो, पण मी आधीपासून उभाच होतो.

वड्याच्या रांगेत तो माझ्यापुढे होता. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, अठ्ठ्याऐंशीची फायनल आठवते का. म्हणाला, कंची फायनल, मी तर काट्यावरनंच मागे फिरलो. बाप सांजला सुखरूप आला, तवढा आठवतंय. मग वडा हातात तसाच धरून म्हणाला, एकाच गोष्टीचा वाईट वाटला. समोर कोन तरी पोर होता. बिचारा येवढी तयारी करून आलेला, आन् त्याला कोन मिळालाच नाय. त्याचा काय झाला पुढे?

मी म्हटलं, जयगडला असतो. वजनकाट्यावर.

म्हणाला, मंग बरा हाय. भेटला तर सांग, तीन राउंड बाकी हायत.

सांगतो म्हटलं.

१० फेब्रुवारी. बसमध्ये

भागोजीचा निरोप स्वतःला दिला. सामना लावला. पोर्टच्या गेटच्या आतच हरलो, बस अजून सुरूही झाली नव्हती. मग घर येईपर्यंत झोपलो.