पाण्याबाहेर धरलेला हात

ब्रॅनरिगच्या गढीचे धनी, माझे बाबा,

तुमचा माणूस परवा समुद्र ओलांडून इथे बोर्दोला पोचला. सीमेपलीकडच्या आपल्या वैऱ्यांनी, मॅक्सटनांनी, थर्स्टनदादाला मारल्याचं कळलं. तुमचा हुकूमही कळला, की घरी ये आणि सूड घे. दादाला तुम्ही स्वतःच्या हातांनी आंघोळ घातलीत म्हणे. ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

बाबा, माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही माझा उजवा हात कापडात गुंडाळून पाण्याबाहेर धरला होता. आपल्याकडे सगळ्याच पोरांचा धरतात. देवाचं पाणी न लागलेल्या हाताला वैरी मारल्याचं पाप नाही.

मी एका जागी न टिकणारा. इथं फौजेच्या छावणीत घोडे फिरवतो. लग्न केलं, ते कळवलं नाही. गेल्या महिन्यात मुलगी झाली आणि तिला त्या हातानं उचलवेना. तिच्या बाप्तिस्म्याला मी तो हातही पुढे केला. पाद्रीबाबा म्हणाले, "हे दाढीवालं बाळ कुणाचं?" पण पाणी ओतलं. आता हा हात तुमच्या कामाचा नाही.

एवढं लिहिलं खरं, पण हे पत्र तुमच्या माणसाच्या हाती द्यायची छाती होत नाही. त्याला एवढंच सांगितलं, की घोडा लंगडतोय, बरा झाला की निघतो.

तो म्हणाला, "घोडा लंगडा, तू तर धड आहेस ना? लवकर ये. म्हातारा रोज गुडघे धरत बुरुजावर चढतो, तुझ्या वाटेकडे बघायला."

मी "येतो" म्हणालो.

तुमचा, आता एकुलता,
ऑस्बर्ट