हातगाडीची वाट

प्रिय खारूताई,

खारीसारखी तुरुतुरु पळायचीस म्हणून ठेवलेलं हे नाव आता लिहावं की नाही, या विचारात पेन धरून बराच वेळ बसलो होतो. तुझी आई म्हणाली, लिहा की, नाव काय तिच्या पायांना ठेवलं होतं का, पोरीला ठेवलं होतं. तिचं म्हणणं नेहमीसारखं बरोबर निघालं, म्हणून लिहिलं. तुझ्या दंडांत आता चांगली ताकद आली आहे आणि इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी तुझं रोज वाजतं, हे फोनवर कळलं. भांडायला लागली म्हणजे पोरगी सुधारतेय, असा आम्ही दोघांनी अर्थ काढला आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

त्याच फोनवर तू म्हणालीस, "बाबा, त्या दगडांच्या गावात मी परत येणार नाही." तिथल्या नव्या वस्तीत रस्ते सपाट आहेत, तुला खोली मिळतेय, आणि महिनाअखेर त्यांना हो-नाही कळवायचं आहे, हेही सांगितलंस. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो. एका सद्गृहस्थांना तर जवळचा नंबर लांबच्या चष्म्यात बसवून दिला. दुसऱ्या दिवशी ते तक्रार घेऊन आले तेच दुकानाच्या दारावर आपटून. राग तुझ्यावर नव्हता गं. राग दगडांवर होता. होड्यांच्या धक्क्यापासून वरच्या बाजारापर्यंत जिकडे पाहावं तिकडे गोटे नाहीतर पायऱ्या. संध्याकाळी दुकान बंद केलं आणि जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून चालायला लागलो. शत्रूची माहिती काढायला निघालो होतो म्हण हवं तर.

मी पडलो चष्मेवाला. माणसाच्या नाकाखाली माझी नजर कधी गेली नाही. लोकांना नीट दिसावं म्हणून उभा जन्म घालवला, आणि आपल्याच पायाखाली काय आहे ते पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोस्टाच्या कोपऱ्यावर फरशीत एक खोलगट ओरखडा आहे, पाव वर्तुळासारखा वळलेला. दोन-तीन वेळा त्याच्याभोवती फिरलो तेव्हा उजेड पडला. तिथे कधीकाळी शहराचा दरवाजा होता म्हणतात ना, तो रोज उघडता-मिटताना खालून घासला जायचा. माणसं गेली, दरवाजा गेला, घासणं तेवढं राहिलं. तुझा हात धरून त्याच कोपऱ्यावर मी किती वर्षं रस्ता ओलांडला, पण खाली एकदाही बघितलं नाही. घड्याळाच्या चौकात एका विटेवर कुत्र्याचा पंजा उमटलेला आहे. वीट ओली असताना महाशय तिच्यावरून फेरफटका मारून गेलेले दिसतात. वीटवाल्यानं त्यांना हासडलेली शिवी मात्र उमटलेली नाही. धक्क्याच्या दगडांवर बारीक खुणा आहेत, मासा, कंगवा, अर्धा चंद्र. ज्यानं जो दगड घडवला त्यानं त्यावर आपली खूण केली असणार. माशावाल्यानं जवळजवळ सगळा धक्का बांधलाय. कंगवावाला कामचुकार असावा, त्याचे दगड शोधावे लागतात. प्रत्येक वेळी वाटायचं, हे खारीला दाखवायला पाहिजे. मग आठवायचं की तू इथे नाहीस, आणि तशीच मान खाली घालून घरी यायचो.

मग मी औषधवाल्याकडून तुझ्यासारखी चाकांची खुर्ची मागून आणली. म्हटलं, नुसतं बघून काय होतंय, ढकलून बघू. तुझी आई म्हणाली, रिकामी खुर्ची कुठेही जाईल, मी बसते. तिला बसवून निघालो तर कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. तासाभरात गल्लीभर झालं की चष्मेवाल्याची बायको अंथरुणाला खिळली. दुसऱ्या दिवशी बाई गरम सूप घेऊन आल्या. मी खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तुझ्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट भांडं हातात घेतलं. सूप चांगलं होतं म्हणे. ते संपल्यावर तिनं शिंपीणबाईंना स्वतः उठून भांडं परत नेऊन दिलं, आणि त्या अजून आमच्याशी बोलत नाहीत.

खुर्चीचं म्हणशील तर पहिले दिवस वाईट गेले. गोट्यांवर ती इतकी हादरायची की आईची कवळी वाजायची. ती बिचारी चिडायची, मी घामाघूम व्हायचो, आणि तुझंच खरं आहे असं वाटून दोघंही परत यायचो. एकदा थकून बाजारामागच्या गल्लीनं वळलो, जिथून आपण कोणीच जात नाही. चालता चालता आईची कुरकुर थांबली. मला वाटलं, रुसली. तर ती म्हणाली, "अहो, थांबा. इथे हादरे बसत नाहीयेत." खाली बघितलं तर गोट्यांच्या मधून सपाट दगडांच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी गेलेल्या, आणि खुर्चीची चाकं बरोबर त्यांवर. पूर्वी होड्यांतला माल धक्क्यावर उतरायचा आणि हमाल तो हातगाड्यांवर वर न्यायचे; त्या गाड्यांसाठी कुणीतरी ही वाट बांधून ठेवलेली. पुढे मी रोज ती धरून हिंडलो. एकही पायरी ती घेत नाही. चढ आला की वळसा घालते, आणि प्रत्येक चढाच्या मध्यावर दगडात खळगे आहेत, गाडीची चाकं अडकवून हमालांनी दम खावा म्हणून. खुर्चीची चाकंही त्यात छान बसतात. आणि कुठे जाते माहीत आहे? आपल्या मागच्या दाराशी. आपल्या जागेत तेव्हा कोठार असणार. ते दार रस्त्याच्या पातळीला आहे, उंबरासुद्धा नाही, आणि आपण शहाण्यांनी त्याला जुन्या फ्रेमांचं कपाट टेकवून ठेवलं होतं. कपाट हलवलं. तुझ्या आईनं बिजागऱ्यांना तेल घातलं.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. परवा मी एकटाच खुर्चीत बसून, पाय जमिनीला न लावता, सगळी वाट केली. हातांना फोड आलेत, अक्षर त्यामुळे असं आलंय. दोन ठिकाणी माझ्यानं जमलं नाही. पुलापाशी पट्ट्या डांबराखाली गेल्यात, तिथे पोस्टमनला हाक मारावी लागली. बाजाराखालच्या वळणावर भाजीवाल्यानं न विचारताच मागून धरलं आणि एखादं पोतं न्यावं तसं वर नेऊन सोडलं. मला ते आवडलं नाही. तुला तर मुळीच आवडणार नाही. तुझे हात माझ्यापेक्षा कणखर आहेत, पण त्या दोन जागी तुलाही कुणाला तरी सांगावं लागेल, निदान सुरुवातीला. लोक बघतील, नको ते विचारतील. दगडांचा बंदोबस्त झाला, लोकांच्या तोंडाचा होणार नाही.

तुला वाटेल, म्हातारा गोड गोड लिहून जाळं टाकतोय. म्हणून सरळ सांगतो. मी आणि आईनं आधी एक गोष्ट ठरवली आणि ती ठरल्यावरच मी पत्राला बसलो. तू तिथेच राहायचं म्हणालीस तर आम्ही दुकान आवरून तिकडे येऊ. तुझ्या खोलीत नाही घुसणार, जवळपास आपलं बिऱ्हाड करू. चष्मे काय, सगळीकडे लागतात. हे दगड आता मला आवडायला लागलेत हे खरं, पण ते सोडताना मला रडू येणार नाही. तू नसताना त्यांच्यावरून चालताना येतं. तेव्हा दगडांना भिऊन तिथे राहू नकोस, आणि आईबाप एकटे पडतील म्हणून इथे येऊ नकोस. ही दोन्ही ओझी तुझ्या डोक्यावरून उतरावीत एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. आता मागे उरेल ते फक्त तुझ्या मनात असेल ते, आणि ते काय आहे तेवढंच आम्हाला कळव.

तुझाच,
बाबा