बटाट्याच्या शेतात सरकारी तळं

वरेना तालुका, १८ मे

ती. लेओनोरा अक्कास धाकट्या झेनोनासचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांना आराम असेल, कौनासच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या तू वेळेवर घेत असशील (घेत नाहीस, मला ठाऊक आहे) आणि भावोजींचा खोकला बसला असेल, असं धरून चालतो. आम्हीही ठीक आहोत. ठीक कसले, डोकं फिरलंय माझं! आणि ते फिरवलंय तुझ्या लाडक्या लेकीनं.

फेब्रुवारीत उग्ने आली आणि म्हणाली, "मामा, शिक्षणासाठी हवाय, तुमच्या शेतात एक खांब रोवू?" भाचीला नाही कसं म्हणणार? रोवला. त्यावर थाळीएवढं यंत्र. मोटारवाल्यांना रस्ता दाखवणारे ते उपग्रह असतात ना, त्यांचे संदेश म्हणे जमिनीवर आपटून उसळतात. ओल्या जमिनीवरून जोरात, कोरडीवरून मरगळून. ते उसळलेले झेलायचे आणि ओल मोजायची. (मी म्हटलं, अगं, मी चिमूटभर माती हातात घेऊन सांगतो. तर हसली. शिकलेली पोर!) आपली जमीन म्हणजे नुसती वाळू, तुला काय सांगायचं, तू तिच्यातच लोळून मोठी झालीस. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही, आणि यंत्र म्हणतंय इथे पाणी साचलंय! म्हणू दे बापडं. पण ते आकडे जमीन कचेरीत जातात. तिथल्या नकाशावर माझं शेत निळं झालं आणि मला नोटीस आली, ही पाणथळ जागा, नांगर घालायचा नाही. तळघरात बियाण्याच्या बटाट्यांना बोटबोट कोंब आलेत, अक्का! बटाटा लागला नाही तर हिवाळ्यात आम्ही दोघं आणि आमचं डुक्कर काय खाणार?

चौकशीला साहेब आला तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. धुळीतून चालत, शिंकत शिंकत. स्तासेनं (बायको माझी, पण पाहुणा दिसला की त्याची) गार बीटाचं सार पुढे केलं. पठ्ठ्यानं दोन वाडगे ओरपले, मिशा पुसल्या आणि लिहिलं, तळं आहे. मी विचारलं, साहेब, पाणी कुठंय? तर म्हणतो, "आजोबा, यंत्र खोटं बोलत नाही." म्हणजे मी बोलतो! शेजारचा व्लादास रोज कुंपणावरून विचारतो, "काय झेनोनास, मासे कधी धरायचे?"

तेव्हा उग्नेला सांग, आठवड्याच्या आत येऊन यंत्र नीट कर, नाहीतर कुऱ्हाडीनं खांब पाडतो. मग तिची पदवी गेली चुलीत.

तुझा संतापलेला भाऊ,
झेनोनास

ता. क. कुऱ्हाडीचं मनावर घेऊ नकोस.

ता. क. उग्नेला पाठवूही नकोस. तुझ्यापासून काय लपवायचं! मार्चमध्ये करकोचे यायच्या आधी त्यांच्या घरट्यासाठी मीच त्या खांबावर, यंत्राच्या वर, जुन्या घोडागाडीचं चाक चढवलं, लोखंडी धावेसकट. शेतात एवढा उंच खांब आणि वर चाक नाही, लोक तोंडात शेण घालतील! व्लादासच्या चाकावर अकरा वर्षं घरटं आहे, माझ्या दारी एकदाही नाही. यंदा आले, अक्का! (म्हणून तो मासे विचारतो, जळतोय मेला.) संदेश त्या लोखंडी धावेवर आपटून जोरात उसळतात आणि यंत्राला ते पाणी वाटत असणार, एवढं मलाही कळतं. साहेबानं मान वर केलीच नाही, कागदातच बघत होता. आता मादी अंड्यांवर बसलीय. उग्नेनं शिडी लावली की बुजेल, उडून जाईल. ऑगस्टअखेर पिल्लं उडेपर्यंत तळं तर तळं. हिवाळ्याला तुमच्या बागेतली दोन पोती बटाटे मात्र आमच्यासाठी ठेव.

ता. क. स्तासेनं माळ्याच्या खिडकीतून अंडी मोजली. आमची चार आहेत. व्लादासची तीनच.