कॉम्प्युटरची झूल

बोरगाव,
श्रावणातला एक ओला मंगळवार

आदरणीय प्रेमानंदमामा,

सविनय जयभीम. मामींनाही सांगा. त्यांचा गुडघा आता कसा आहे? हुबळीला पाऊस कमी, त्यामुळे गुडघा बरा असणार, असं तुमची आक्का म्हणते. (सगळी दुखणी ओलीनं येतात आणि शेकलं की जातात, एवढंच माझ्या आईचं वैद्यकशास्त्र आहे. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.) इकडे आम्ही खुशाल आहोत. तुम्ही दिलेला कॉम्प्युटरही आता खुशाल आहे. मध्ये तो नव्हता, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली होती, पण आई शेजारी बसून "मामाला जेवलास का इचार" म्हणत राहते आणि कबुलीजबाब मधेच अडकतो.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा समाजमंदिराच्या कोपऱ्यात अभ्यासिका काढायची म्हणून तुम्ही आपला कॉम्प्युटर दिलात. आपल्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायकांनी पगाराच्या कागदावर अंगठा न उठवता सही करावी, स्वतःचं नाव पडद्यावर पाहावं, हे माझं स्वप्न तुम्हाला ठाऊक आहेच. पण मामा, राग मानू नका, तुमचा कॉम्प्युटर फार सावकाश उठायचा. बटण दाबून मी घरी जायची, चहा टाकून, पिऊन, कप धुऊन परत यायची, तरी तो डोळे चोळतच असायचा. समाजमंदिराच्या पंचांचे अध्यक्ष भीमाप्पाआण्णांनी आधीच बजावलं होतं, "पोरी, बायका आल्या तर कोपरा तुजा. न्हाय आल्या तर तितं मांडवाची भांडी ठेवायची हाईत." उद्घाटनाला तुम्हालाच बोलवायचं ठरलं होतं. मला घाई झाली.

म्हणून मी बेळगावला खडेबाजारातल्या एका दुकानात कॉम्प्युटर घेऊन गेले. (एसटीत तो मांडीवर घेतला होता. कंडक्टरनं विचारलं, "ताई, ह्याचं तिकीट?" त्यानं चेष्टा केली होती, मी मात्र सामानाच्या तिकिटाचे नियम विचारत बसले.) दुकानदार साईराज म्हणाला, "नवीन कशाला घेताय ओ? ह्याच प्रोसेसरला ओव्हरक्लॉक करू, म्हंजे वेग वाढवू. कंपनीनं ह्याचा वेग कमी ठरवून दिलाय. अंगात जोर हाय, पळायची परवानगी न्हाय बघा." मामा, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अंगात जोर आहे आणि पळायची परवानगी नाही! ही तर आपल्या आजोबांची गोष्ट. मी तिथेच, गिऱ्हाइकांदेखत, कुणाची कुवत दुसऱ्यानं ठरवू नये यावर बोलले. साईराजनं सगळं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, "बरोबर हाय ओ, पण वेग वाढला की ताप वाढतोय. मोठा पंखा बसवावा लागंल." इथे मी चुकले. मी म्हणाले, आम्ही पत्र्याखाली बिनपंख्याचे शिकलो, हाही शिकेल. तो दोनदा "बघा हं" म्हणाला आणि काम करून दिलं. पंख्याच्या पैशात मी 'अभ्यासिका' अशी सुंदर पाटी रंगवून घेतली. पाटी अजून सुंदर आहे.

वेग खरंच वाढला. चहा टाकायलाही सवड मिळेना. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर आईनं कॉम्प्युटरला कव्हर शिवून घातलेलं. पदवीदानाला ती जी साडी नेसली होती तिच्याच पदराचं, फक्त पडदा आणि पाठीमागची बाजू उघडी, बाकी बंद. वर लाल दोऱ्यानं 'पारमिता बी.एस्सी.'. (आईला वाचता येत नाही. प्रमाणपत्रावरची अक्षरं बघून बघून तिनं टाके घातले.) मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, उष्णता कोंडली की काय होतं हे मला कळतं. पण सांगा, ते कव्हर काढ म्हणून मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? "धूळ बसती गं, तंबाखूची धूळ लई वाईट," एवढंच ती म्हणाली, आणि मी माझ्याच नावाखाली त्या बिचाऱ्याला गुदमरू दिलं.

आणि मग बायका येऊ लागल्या. आधी मंगलमावशी, मग सगळी गल्ली. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात विड्या. कॉम्प्युटरच्या पाठीमागे गर्दी, पुढे मी एकटी. मला वाटलं, लाजतात, हळूहळू पुढे येतील. त्याच आठवड्यात मी तुम्हाला ते लांबलचक पत्र लिहिलं, 'ज्ञानाची भूक' वगैरे. मामा, ते पत्र फाडून टाका. भूक ज्ञानाची नव्हती. पावसात विड्या ओल्या राहतात, कारखान्याचा तपासणारा ओल्या विड्या बाजूला काढून टाकतो आणि तेवढी मजुरी बुडते. तुमच्या कॉम्प्युटरच्या पाठीतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर त्या मस्त सुकत होत्या. हा शोध आईचा. (शेकण्याचं वैद्यकशास्त्र ते हेच.) मी पुढे बसून 'क' कुठल्या बटणावर आहे ते सांगत होते आणि पाठीमागून सांगितलं जात होतं, "पारमिता, आजून जरा तापीव की गं."

पंचमंडळी पाहायला आली त्या दिवशी समाजमंदिर भरलेलं होतं. भीमाप्पाआण्णा खूष झाले. मी वेगाविषयी बोलायला उभी राहिले. "मर्यादा ओलांडल्याशिवाय," एवढं वाक्य झालं, कॉम्प्युटरनं एक बारीक शिट्टी मारली आणि पडदा काळा. कव्हरखालून वास आला. आण्णांनी नाक वर केलं. "तंबाखू भाजलीया न्हवं कुणी?" मग कव्हर उचलून म्हणाले, "आगं, बैलाला पोळ्याला झूल घालत्यात, नांगराला जुपल्यावर न्हाय." सगळे हसले. आईही हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं कव्हर घडी करून पदराखाली धरलं. मामा, प्रोसेसरपेक्षा मला तेच जास्त लागलंय.

साईराजनं तपासून सांगितलं की मेला नाही, बेशुद्ध होता. त्याला पुन्हा कंपनीच्या वेगावर आणलं. आता तो थंड आहे, सावकाश आहे, आणि अभ्यासिकेत माणूस नाही. बायका आपापल्या चुलीपाशी सूप घेऊन बसल्या आहेत. या रविवारी, उद्घाटनाच्या दिवशीच, पंच पुन्हा येणार, कोपरा रिकामा असेल तर भांडी येणार. मला वाईट वाटतं ते याचं, की वेग वाढवला आणि गारव्याचं पाहिलं नाही. त्या यंत्राचंच नव्हे, बायकांचंही. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईला मी संध्याकाळी मुळाक्षरांवर पळायला लावत होते. तेव्हा रविवारी उद्घाटनाला येण्याची तसदी घेऊ नका. कॉम्प्युटर पुसून परत पाठवते. क्षमा करा.

तुमची चुकलेली भाची,
पारमिता

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मंगलमावशी आली, सुपाशिवाय. मी म्हटलं, मावशी, आता गरम होत नाही. "व्हय गं, ठाऊक हाय," म्हणाली. "माजं नाव आर्दं ऱ्हायलंय न्हवं. मागं बसून ऐकून मं झाला, ग झाला. ल कुटं हाय?" ल सापडेपर्यंत ती उठली नाही. मग पडद्याकडे बघत बसली.

आणखी एक. वर 'येऊ नका' लिहिलं आहे ते खोडलं असं समजा. शनिवारीच बेळगावला उतरा, साईराजकडून तो मोठा पंखा घ्या आणि त्यालाही बरोबर घेऊन या. वेग पुन्हा वाढवायचा आहे. मोठा पंखा आतली सगळी उष्णता पाठीमागे फेकतो म्हणे. म्हणजे प्रोसेसर गार, विड्या कोरड्या. बायका पाठीमागे सूप ठेवून पुढे येऊन बसतील. मंगलमावशीनं सगळ्यांना तसं कबूल करायला लावलं आहे.

शेवटचं. पंखा येणार हे आईला कळलं. तिनं मोठ्या मापाचं नवं कव्हर बेतलं आहे, "पंख्यासकट बसंल" म्हणते. या वेळी त्यावर माझं नाव नाही. मंगलमावशीचं आहे, पडद्यावर बघून घातलेलं, आणि खाली बाकीच्या बायकांसाठी जागा सोडली आहे. मामा, माझ्या एकटीचं नाव होतं तेव्हाही मला कव्हर काढवलं नाही, आता तर सगळ्या गल्लीचं असणार. आता ते तुम्हीच काढायचं. तुमची आक्का तुमचं ऐकते.