हलकी रायफल कशाला?

रिसाली, भिलाई
६ ऑगस्ट २०२३

प्रिय प्रफुल यास,
आनंदरावाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी देणं. पलटणीत गोळीबार करून करून तू कान घालवलेस, आता तुझ्यापायी माझा घसा का घालवू? म्हणून हे पत्र. तुझी ताई शेवंता बरी आहे. तू राखीला येणार की नाही, हे विचारायला तिने सांगितलं आहे.

मुख्य गोष्ट अशी की तुझ्या भाचीचा, करिष्माचा, स्वतःच्या रायफलीचा परवाना आला. आजवर क्लबच्या रायफलीवर भागवलं. फेब्रुवारीत देशाच्या संघाची निवड आहे. पोटावर झोपून तीनशे मीटरवरचा नेम धरायचा. रायफल बाहेरदेशातून येईल, एकच येईल, आणि एकदा मागवली की बदलून मिळणार नाही. चुकीची आली तर पोरीची ही संधी गेलीच म्हणून समज, आणि पुढची कधी येईल ते कोणाला ठाऊक.

बोल्टची घ्यायची, म्हणजे दर गोळीला दांडा हाताने मागे ओढायचा, एवढं नक्की झालं. पुढे सगळा गोंधळ आहे. तिचे कोच भैय्याजी सर म्हणतात, जड घ्या. शेजारचे भाऊराव मोबाईलवर व्हिडिओ बघून सांगतात की आता दुनिया हलक्याकडे चालली आहे. शेवंताचं म्हणणं, मले तर दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या, रंग तेवढा चांगला पाहून घ्या. आणि करिष्मा म्हणते हलकीच पाहिजे. कावून, हलकीच का, म्हणून विचारलं की उठून गच्चीवर जाते.

मी जन्मभर प्लांटमध्ये रिगर होतो. क्रेनला भार कसा बांधायचा ते मला समजतं. या नळ्या-दुर्बिणीतलं काही समजत नाही. रविवारी जामुलच्या पलीकडच्या रेंजवर तिच्या रायफलीची पेटी उचलून नेतो, तेवढाच माझा संबंध. तू फौजी माणूस आहेस, काय ते लिही.

लोभ आहेच, उत्तरात आळस नको.
तुझा,
आनंदराव


कामठी
१९ ऑगस्ट २०२३

ती. भाऊजी यांस,
प्रफुलचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. ताईला सांगा, राखीला येतो, पण मागच्या वेळेसारखा मुनग्याच्या शेंगांचा डोंगर वाढू नये.

भाऊजी, यात गोंधळायचं काय आहे? हलकी रायफल डोंगर चढणाऱ्यासाठी असते. दिवसभर खांद्यावर वागवायची आणि एखादी गोळी मारायची. हिला तर चटईवर झोपून एकामागून एक गोळ्या मारायच्या आहेत. हलकीची नळी पातळ, ती लवकर तापते आणि मग गोळ्या इकडेतिकडे पांगतात. वरून खांद्याला धक्का जास्त बसतो तो वेगळाच. झोपून मारताना वजनाचा त्रास नसतो, उलट जड रायफल गुमान पडून राहते. कोच बरोबर सांगून राहिले.

मग पोरगी हलकी का मागते? मला दोनच कारणं सुचतात. एक तर खांदा दुखतो आणि ती लपवते. नाहीतर शिकारीच्या नादी असलेला कोणी पोरगा तिला भेटला आहे. दुसरं असेल तर मला आधी कळवा, मी युनिफॉर्म घालूनच येतो. पहिलं असेल तर तपासून बघा, तुम्ही तर भार तोलणारे माणूस.

ताईस आणि करिष्मास आठवण. माया पातळ होऊ देऊ नका.
आपला,
प्रफुल


रिसाली
१० सप्टेंबर २०२३

प्रिय प्रफुल यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

राखीला येऊन तू पोट भरून जेवलास आणि काम काहीच केलं नाहीस. भाचीला विचारतो म्हणालास, आणि तिच्यासोबत कॅरम खेळून परत गेलास.

तू सांगितल्याप्रमाणे तपासलं. सागाच्या फळीची रायफल बनवली, तिच्या पोटात लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या. एकदा हलकी, एकदा जड. अंगणात चटई टाकून करिष्माला झोपवलं आणि नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. हलकी धरली तेव्हा नाणं दोनदा पडलं. जड धरली तर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी नाणं जागचं हललं नाही. खांदा दाबून पाहिला, हात वर करायला लावला. कुठेच दुखत नाही म्हणते. शिकारीवाला पोरगा पण नाही. शेवंताने तिच्या स्मृति नगरच्या शाळेतल्या मास्तरणींकडे हळूच चौकशी केली. तिथे ही पोरांना कवायत शिकवते आणि सरळ घरी येते.

मी तिला म्हटलं, बघ, तुझ्याच हातांनी सांगितलं जड घे म्हणून. त्यावर तिचे डोळे भरले आणि म्हणाली, बाबा, मले हलकीच द्या. आता बोल! माझं तर डोकं चालेनासं झालं आहे. पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिली आणि मी तो धोंडा तोलत बसलो आहे. महिनाअखेरीस ऑर्डर द्यायची आहे.

लवकर लिही. रागावलो आहे, पण लोभ कमी केलेला नाही.
तुझा,
आनंदराव


रिसाली
१४ सप्टेंबर २०२३

ती. मामांस,
करिष्माचा सविनय जय भीम.

मामा, बाबांनी तुम्हाला काय काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही आले तेव्हा कॅरम खेळताना मी सांगणारच होते, पण बाबा समोर बसले होते. आणि तुम्हाला हळू सांगून काही ऐकू येत नाही.

मला पण जडच पाहिजे, मामा. मी काय पागल आहे का? हलकीने तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर माझे नेम फाटतात. पण रेंजच्या फाटकापासून फायरिंग पॉइंटपर्यंत लांब चालावं लागतं, आणि पेटी बाबाच उचलतात. मी शाळेत शिकत होते तेव्हापासून उचलतात. ते पुढे, मी मागे. मी घ्यायला गेले की म्हणतात, ज्यानं भार बांधला त्यानंच उतरेपर्यंत सोबत चालायचं, हा प्लांटचा कायदा आहे. आता त्यांच्याने होत नाही. पाण्याच्या टाकीजवळ पेटी खाली ठेवतात आणि बुटाची लेस बांधायला बसतात. मामा, त्यांच्या बुटाला लेसच नाही. उठताना भिंत पकडतात. मी मागे उभी राहून मोबाईल बघायचं नाटक करते.

डॉक्टरांनी त्यांना वजन उचलू नका म्हणून सांगितलं आहे. कमरेचा मणका सरकला आहे. हे मला दवाखान्यातल्या मैत्रिणीकडून कळलं. आईला माहीत नाही. एकदा मी जबरदस्तीने पेटी घेतली तर पूर्ण रस्ता बोलले नाहीत आणि पुढच्या रविवारी, बुखार है, असं सांगून घरीच राहिले. त्या दिवशी माझा एकही नेम धड लागला नाही.

पेटी हलकी असली तर ते येत राहतील. एवढंच आहे. मला बाबा पाहिजेत, मेडलचं नंतर बघू. त्यांना सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.

आपली लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
करिष्मा


कामठी
२० सप्टेंबर २०२३

ती. भाऊजी यांस,
सविनय जय भीम.

आज वि. वि. नाही, थट्टाही नाही. करिष्माने मला शपथ घातली होती, ती मी मोडतो आहे. फौजेत कधी हुकूम मोडला नाही, पण भाचीचा मोडतो. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

ती हलकी रायफल तुमच्यासाठी मागते आहे. तुमच्या कमरेचं तिला माहीत आहे, आणि टाकीजवळ तुम्ही नसलेली लेस बांधता तेही तिला दिसतं. पेटी पेलली नाही तर तुम्ही रेंजवर यायचं सोडाल, या भीतीने तिने आपली निवड पणाला लावली आहे. आपण दोघं इतके दिवस तिचा खांदा तपासत बसलो, भाऊजी. कंबर तुमची तपासायला हवी होती.

तुम्ही वयाने मोठे, नात्याने मोठे, मी जास्त काय बोलू? पण ताईला आजच्या आज सांगा. आणि ऑर्डर द्यायच्या आधी पोरीशी बोला.

रागावलात तरी पत्र टाका.
आपला,
प्रफुल


रिसाली
१४ जानेवारी २०२४

प्रिय प्रफुल यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

एवढे महिने पत्र नाही, त्याचा राग धरू नको. तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी तुझाच राग आला, मग तिचा. दोन दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. शेवंताला कमरेचं सांगितलं, तेव्हा मी बोलत नव्हतो ते बरं होतं असं वाटलं, इतकी ती बोलली. आता रोज तेल चोळते आणि रोज नव्याने रागावते.

मग मी एकटाच बसने भैय्याजी सरांकडे गेलो आणि सांगितलं, जड मागवा. करिष्माने घर डोक्यावर घेतलं. रडली, जेवली नाही, तुला तर नाही नाही ते बोलली. मी तिला म्हटलं, बाई, प्लांटचा कायदा मी तुले अर्धाच सांगितला. भार जागेवर उतरला की साखळी सोडावी लागते, नाहीतर क्रेन तिथंच अडकून राहते. हे मी इतक्या नव्या पोरांना शिकवलं, आणि घरी येऊन विसरलो. तिने विचारलं, मंग तुम्ही याल का? मी म्हटलं, येईन, हात हलवत येईन. खरं सांगतो, म्हणताना मला लाज वाटली. मुलीने ओझं वाहायचं आणि बापाने मोकळं चालायचं, हे मला अजूनही नीट पटलेलं नाही.

रायफल गेल्या आठवड्यात आली. काळी आहे, शेवंताला रंग आवडला नाही. आज रविवार, पहिल्यांदा रेंजवर नेली. फाटकाशी माझा हात सवयीने पेटीकडे गेला, तो मी खिशात घातला. तिने पेटी पाठीवर घेतली आणि पुढे निघाली. मी मागे. प्रफुल, तिला नेमबाजी लागल्यापासून या रस्त्याने मी नेहमी पुढेच चालत आलो. ती कशी चालते हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. झपझप चालते रे, मान ताठ ठेवून, आणि अजिबात थांबत नाही. मी बराच मागे राहिलो, पण मला तिला हाक मारावीशी वाटली नाही.

शेवंता आठवण सांगते. तू आहेस तसाच राहा, आमच्यावर जीव असू दे.
तुझा,
आनंदराव